स्टॅनफर्डचा तीन किलोमीटरचा त्वरक आणि ४,१४० मेगाहर्ट्झ: झोतभंगाचे एक प्रकरण

१९६६ च्या पूर्वार्धात, कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथे बांधून होत आलेल्या तीन किलोमीटर लांबीच्या इलेक्ट्रॉन त्वरकाच्या चाचण्या चालू असताना एक लक्षण पुन्हा पुन्हा दिसू लागले. झोताचा प्रवाह कमी ठेवला की इलेक्ट्रॉनांचा प्रत्येक स्पंद एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड पोहोचत असे. प्रवाह एका मर्यादेपलीकडे नेला की स्पंदाचा पुढचा भाग पोहोचे, मागचा भाग मात्र वाटेतच नाहीसा होई. प्रवाह आणखी वाढवावा तर तुटणारा भागही वाढे, आणि दूरच्या टोकाला हाती येणारा एकूण विद्युतप्रभार जवळपास होता तिथेच राही. त्वरकाची रचना १.६ मायक्रोसेकंदांच्या स्पंदात ५० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह नेण्यासाठी केली होती. प्रत्यक्षात सुमारे २० मिलिअँपिअरपाशीच स्पंदाचे शेपूट तुटू लागले. यालाच झोतभंग म्हणतात.

यंत्रात काही बिघडले होते असे नाही. सूक्ष्मतरंगांची शक्ती पुरवणारे क्लायस्ट्रॉन ठीक होते, नळीतले निर्वातही जसे हवे तसे होते. प्रत्येक भाग आपापल्या मोजमापात चोख बसत होता. पुढे ध्यानात आले त्याप्रमाणे, भागांचे हे एकसारखे चोख असणेच या प्रकरणाच्या मुळाशी होते, आणि म्हणूनच वेव्हगाइडमधून, म्हणजे सूक्ष्मतरंगांना वाट देणाऱ्या धातूच्या नळीतून, जाणाऱ्या प्रभारित कणांच्या प्रारणाचा अभ्यास करणाऱ्याने ते तपशिलात पाहण्यासारखे आहे.

यंत्राची घडण

हा त्वरक म्हणजे तांब्याच्या नळ्यांची एक सरळ रांग होती. सुमारे तीन मीटर लांबीचे ९६० विभाग, ३२ विभागांचा एक गट, असे एकूण ३० गट. प्रत्येक विभागात ठरावीक अंतरावर, मध्यभागी भोक असलेल्या चकत्या बसवून नळीचे सुमारे ८६ कप्पे केलेले होते. एक क्लायस्ट्रॉन चार विभागांना शक्ती पुरवीत असे. वारंवारता २,८५६ मेगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे साडेदहा सेंटिमीटर. एका तरंगलांबीत तीन कप्पे, म्हणजे एक कप्पा साडेतीन सेंटिमीटरचा. स्पंद १.६ मायक्रोसेकंदांचा आणि सेकंदाला जास्तीत जास्त ३६० स्पंद. २१ मे १९६६ रोजी इलेक्ट्रॉनांचा झोत प्रथमच पूर्ण लांबीतून गेला. पहिल्या टप्प्याचे उद्दिष्ट २० गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचे होते.

विभागाच्या घडणीतली एक गोष्ट पुढच्या कथेत महत्त्वाची ठरणार आहे. सर्व कप्पे अगदी सारखे ठेवले असते तर तरंग पुढे सरकताना तांब्यात शक्ती गमावत गेला असता आणि त्वरण देणारे क्षेत्र विभागाच्या शेवटी दुबळे झाले असते. ते टाळण्यासाठी चकत्यांची भोके प्रवेशाच्या टोकाला सुमारे २.६ सेंटिमीटर व्यासाची ठेवून बाहेर पडण्याच्या टोकापर्यंत सुमारे १.९ सेंटिमीटरपर्यंत क्रमाने लहान केली होती, आणि कप्प्याचा व्यासही ८.३५ वरून ८.१८ सेंटिमीटरपर्यंत उतरवला होता. त्यामुळे त्वरण-क्षेत्र विभागभर जवळजवळ समान राही. विभागाच्या आत कोणतेही दोन कप्पे सारखे नव्हते. पण प्रत्येक विभागाचा पहिला कप्पा उरलेल्या ९५९ विभागांच्या पहिल्या कप्प्यासारखाच होता, दुसरा दुसऱ्यासारखा, आणि हे साम्य काही मायक्रॉनांच्या अचूकतेचे होते.

नळीत मागे राहणारे प्रारण

एकसमान वेगाने निर्वातात जाणारा प्रभारित कण प्रारण देत नाही. तो आदर्श वाहकाच्या गुळगुळीत सरळ नळीतून जात असला तरीही देत नाही: नळीच्या भिंतीवर त्याचा प्रतिमा-प्रभार (त्याच्यामुळे भिंतीत उमटणारा विरुद्ध प्रभार) त्याच्याबरोबर सरकत राहतो आणि मागे काही उरत नाही. तरंगांच्या बाजूने पाहिले तरी निष्कर्ष हाच निघतो. गुळगुळीत वेव्हगाइडमध्ये पसरणाऱ्या प्रत्येक तरंगाचा कला-वेग, म्हणजे त्याची शिखरे पुढे सरकण्याचा वेग, प्रकाशवेगापेक्षा अधिक असतो, कणाचा वेग कधीच तेवढा होत नाही, त्यामुळे कणाबरोबर पाऊल जुळवून चालणारा आणि त्याच्याकडून सातत्याने ऊर्जा घेऊ शकणारा तरंगच तेथे नसतो.

चकत्या घातल्या की हे दोन्ही युक्तिवाद कोसळतात. २० गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या इलेक्ट्रॉनाचे क्षेत्र त्याच्या मार्गाला काटकोनात अतिशय पातळ थरात दाबले गेलेले असते. भोकाच्या कडेशी, म्हणजे अक्षापासून सुमारे एक सेंटिमीटरवर, त्या थराची जाडी पाव मायक्रॉनच्या आसपास भरते. हा थर प्रत्येक चकतीच्या कडेवर आपटतो, त्याचा काही भाग विवर्तनाने वळतो आणि कप्प्यात अडकतो. इलेक्ट्रॉन निघून जातो, कप्प्यातले क्षेत्र घुमत राहते. दुसऱ्या बाजूने सांगायचे तर, चकत्यांनी तरंगांचा कला-वेग प्रकाशवेगाइतका खाली आणला, आणि त्यामुळे कणाच्या पावलाशी पाऊल जुळणारे तरंग उपलब्ध झाले. इलेक्ट्रॉनाला ऊर्जा देता यावी यासाठीच तर चकत्या घातल्या होत्या. पण जो तरंग कणाला ऊर्जा देऊ शकतो तोच त्याच्याकडून घेऊही शकतो; ही दोन कामे एकमेकांपासून वेगळी करता येत नाहीत. त्वरण देणारी प्रत्येक नळी अपरिहार्यपणे प्रारण घेणारी नळीही असते.

या प्रारणाचा एक भाग रचनाकारांना पुरता ठाऊक होता आणि त्यांच्या हिशेबातही होता. २,८५६ मेगाहर्ट्झच्या मूळ प्रकारात (म्हणजे कप्प्यातल्या क्षेत्राच्या डोलण्याच्या मूळ पद्धतीत) झोत जी ऊर्जा सोडतो तिच्यामुळे मागून येणाऱ्या इलेक्ट्रॉनांना कमी त्वरण मिळते. या त्वरकात हा तोटा प्रत्येक मिलिअँपिअरमागे पूर्ण लांबीत सुमारे ३५ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा होता, म्हणजे ५० मिलिअँपिअरला पावणेदोन गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास. तो भरून काढता येण्यासारखा होता. अडचण निर्माण झाली ती कोणत्याही क्लायस्ट्रॉनने न पुरवलेल्या, कोणाला नको असलेल्या एका प्रकारात.

४,१४० मेगाहर्ट्झ

कप्प्यात अनेक अनुनादी प्रकार संभवतात. त्यांतल्या द्विध्रुवी प्रकारात विद्युतक्षेत्राचा अक्षाच्या दिशेचा घटक बरोबर अक्षावर शून्य असतो, अक्षाच्या एका बाजूला धन आणि दुसऱ्या बाजूला ऋण असतो, आणि अक्षावर एक आडवे चुंबकीय क्षेत्र असते. इलेक्ट्रॉन तंतोतंत अक्षावरून गेला तर तो या प्रकाराला ऊर्जा देत नाही. तो थोडा बाजूने गेला तर देतो, आणि ती ऊर्जा मागून येणाऱ्या इलेक्ट्रॉनांना आडवा धक्का देण्याच्या कामी येते.

धक्का आणि अक्षाच्या दिशेच्या क्षेत्राचा उतार यांचे हे नाते वोल्फगांग पॅनोफ्स्की आणि विल्यम वेन्झेल यांनी १९५६ साली एका छोट्या लेखात सिद्ध केले होते. प्रकाशवेगाजवळ जाणाऱ्या कणावर एखाद्या प्रकाराचा एकूण आडवा धक्का शून्याहून वेगळा असायचा असेल, तर त्या प्रकारात अक्षाच्या दिशेचे विद्युतक्षेत्र असले पाहिजे आणि ते आडव्या दिशेत बदलत असले पाहिजे. ते नसेल तर विद्युत आणि चुंबकीय धक्के एकमेकांना रद्द करतात. हेच पॅनोफ्स्की १९६६ मध्ये स्टॅनफर्डच्या या त्वरक-केंद्राचे संचालक होते. ज्या सिद्धान्ताने झोत मुद्दाम वळवण्याच्या साधनांचा विचार सुरू झाला होता, तोच सिद्धान्त आता त्यांच्या स्वतःच्या यंत्रातला नको असलेला धक्का समजावून सांगत होता.

विभागांतून येणारे सूक्ष्मतरंगांचे संकेत तपासले तेव्हा शेपूट तुटण्याच्या वेळी सुमारे ४,१४० मेगाहर्ट्झचा प्रबळ संकेत मिळाला. हा विभागाच्या सुरुवातीच्या काही कप्प्यांतला द्विध्रुवी प्रकार होता. पुढचे कप्पे क्रमाने लहान होत गेलेले असल्यामुळे या वारंवारतेचा तरंग त्यांतून पुढे पसरू शकत नव्हता, म्हणून ही ऊर्जा सुरुवातीच्या कप्प्यांतच कोंडली जाई. कोंडलेली ऊर्जा हळूहळू विरते: गुणवत्ता-गुणांक (आंदोलन किती सावकाश विरते याचे माप) दहा हजारांच्या आसपास धरला तर आंदोलनाचा विस्तार घटण्याचा काळ सुमारे पाऊण मायक्रोसेकंद येतो. स्पंदाची लांबी १.६ मायक्रोसेकंद. म्हणजे स्पंदाच्या पुढच्या भागाने कप्प्यात ठेवलेली आठवण त्याचे शेपूट तेथून जाईपर्यंत पुरती पुसली जात नव्हती. दोन स्पंदांमधले अंतर मात्र २.८ मिलिसेकंदांचे, तेवढ्या वेळात सर्व काही शांत होई. प्रत्येक स्पंदाला ही वाढ नव्याने सुरू करावी लागत होती.

येथे एक शंका साहजिक आहे. झोतातले इलेक्ट्रॉन २,८५६ मेगाहर्ट्झच्या ठेक्यावर लहान लहान पुंजक्यांत बांधलेले असतात, १.६ मायक्रोसेकंदांत असे साडेचार हजारांहून अधिक पुंजके जातात. ४,१४० ही संख्या २,८५६ च्या पटीत बसत नाही. मग या ठेक्यावरचा झोत तो प्रकार कसा जागा ठेवतो? उत्तर असे की अक्षापासून कायम एकाच अंतरावर राहणारा झोत तो खरोखरच जागा ठेवू शकत नाही. स्पंदाच्या पुढच्या कडेचा झटका आणि थोडासा गोंगाट एवढेच त्याच्याकडून मिळते. पण एकदा का त्या झटक्याने पुंजक्यांना ४,१४० च्या लयीत कमीअधिक आडवे ढकलले, की पुढे जाताना त्यांचे आडवे विस्थापनच त्या लयीत डोलू लागते. अशा डोलत्या पुंजक्यांच्या संकेतात २,८५६ च्या पटींच्या दोन्ही बाजूंना उपरेषा, म्हणजे जोडीच्या जादा वारंवारता, उमटतात आणि त्यांतली एक नेमकी ४,१४० वर येते. पुढच्या विभागाचे सुरुवातीचे कप्पे त्याच वारंवारतेला अनुनाद देतात, आधीपेक्षा थोड्या अधिक जोमाने. मग त्याच्या पुढचा विभाग. ९६० वेळा.

विभाग एकमेकांशी ४,१४० मेगाहर्ट्झवर जोडलेलेही नव्हते, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. तरंग एका विभागातून दुसऱ्यात जातच नव्हता. संदेश झोतानेच वाहून नेला. १.६ मायक्रोसेकंदांचा स्पंद लांबीने सुमारे ४८० मीटर भरतो, म्हणजे तो कोणत्याही क्षणी तीन किलोमीटरच्या यंत्राचा जेमतेम सहावा हिस्सा व्यापतो. जेव्हा तो शेवटच्या गटात पोहोचतो तेव्हा पहिल्या गटातले कप्पे केव्हाच शांत झालेले असतात. तरीही पहिल्या गटाने दिलेला आडवा धक्का त्या झोताच्या डोलण्यात जपलेला असतो.

रचनेच्या वेळी हे का निसटले

जास्त प्रवाहात स्पंद आखूड होण्याचा अनुभव इलेक्ट्रॉन त्वरकांच्या क्षेत्रात नवा नव्हता. १९६० च्या आसपास लहान त्वरकांत तो आढळला होता, आणि त्याचे कारणही समजले होते: एकाच विभागात द्विध्रुवी प्रकाराची ऊर्जा झोताच्या उलट दिशेने मागे जाते, आलेल्या झोताला पुन्हा धक्का देते आणि विभाग स्वतःच एक आंदोलक बनतो. या प्रकारची मर्यादा काही शे मिलिअँपिअरच्या घरात होती. स्टॅनफर्डच्या रचनेतला प्रवाह तिच्याहून बराच कमी होता, शिवाय क्रमाने बदलणारे कप्पे या प्रकाराला प्रतिकूलच होते, कारण एका वारंवारतेला विभागातले थोडेच कप्पे प्रतिसाद देत. एका विभागापुरता हिशेब बरोबर होता.

माझ्या मते या प्रकरणातला सर्वात बोलका भाग हाच आहे. हिशेब चुकला नव्हता. तो एका विभागाचा होता आणि यंत्र ९६० विभागांचे होते. स्वतंत्रपणे तपासले तर प्रत्येक विभाग सुरक्षित मर्यादेच्या कितीतरी आत होता. प्रत्येकाकडून डोलण्यात होणारी वृद्धी इतकी किरकोळ होती की कोणत्याही चाचणी-मेजावर ती कुणाच्या नजरेत भरली नसती. ती किरकोळ वृद्धी ९६० वेळा, एकाच वारंवारतेवर, एकाच दिशेने जमा होत गेली. आणि एकच वारंवारता सर्वत्र मिळण्याचे कारण म्हणजे कारखान्यातली शिस्त. कप्पे ओबडधोबड बनवले असते, प्रत्येक विभागाची द्विध्रुवी वारंवारता इकडेतिकडे पसरली असती, तर झोतभंग बराच सौम्य झाला असता. अर्थात तसे ओबडधोबड कप्पे २,८५६ वर कामाचे राहिले नसते, त्यामुळे यात कारागिरीला दोष देण्याजोगे काही नाही. पण अचूकता एका प्रकारासाठी मागितली आणि ती फुकटात दुसऱ्यालाही मिळाली, ही गोष्ट कोणत्याही नकाशावर लिहिलेली नव्हती.

वाढीचे गणित

पॅनोफ्स्की आणि मायरन बँडर यांनी या घटनेचा सिद्धान्त मांडला आणि तो १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा गाभा साध्या शब्दांत सांगता येतो. झोत सतत त्वरित होत आहे आणि त्याला केंद्रित करणारे चुंबक दुबळे आहेत असे धरले, तर आडव्या डोलण्याची वाढ घातांकी असते, आणि तो घातांक प्रवाह, स्पंदाच्या आरंभापासून गेलेला काळ आणि यंत्राची लांबी या तिघांच्या गुणाकाराला त्वरणाच्या उताराने (दर मीटरला मिळणाऱ्या ऊर्जेने) भागून येणाऱ्या राशीच्या घनमुळाच्या प्रमाणात असतो.

घनमूळ म्हटले की वाढ मंद वाटते. प्रवाह दुप्पट केला तर घातांक जेमतेम २६ टक्क्यांनी वाढतो. पण हा घातांक आहे. एखादे विस्थापन एका नॅनोमीटरपासून वाढत एक सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे चकतीच्या कडेवर आदळेपर्यंत जायचे असेल, तर त्याला एक कोटी पट व्हावे लागते आणि त्यासाठी सुमारे १६ चा घातांक पुरतो. घातांक १५ असताना प्रवाह दुप्पट करा: तो १९ च्या जवळ जातो आणि डोलणे जवळपास ५० पट वाढते. झोतभंगाला अशी धारदार सीमारेषा का असते, १८ मिलिअँपिअरला सारे शांत आणि थोडे पुढे गेले की शेपूट गायब असे का घडते, ते यातून कळते.

त्याच सूत्रातून सुरुवातीला सांगितलेले लक्षणही उलगडते. झोत तुटण्याचा घातांक ठरावीक असेल, यंत्राची लांबी आणि त्वरणाचा उतार ठरावीक असतील, तर प्रवाह आणि काळ यांचा गुणाकारही ठरावीक राहतो. २० मिलिअँपिअरचा स्पंद १.६ मायक्रोसेकंदांनंतर तुटत असेल तर ५० मिलिअँपिअरचा ०.६४ मायक्रोसेकंदांनंतर तुटेल. दोन्ही वेळा टोकाला पोहोचणारे इलेक्ट्रॉन तेवढेच, सुमारे वीस हजार कोटी. प्रवाह वाढवूनही हाती येणारा प्रभार का वाढत नव्हता, याचे एवढे सरळ उत्तर मिळणे हे सिद्धान्ताच्या बाजूने मोठेच प्रमाण म्हणावे लागेल.

त्वरणाचा उतार सूत्राच्या छेदात आहे, हेही अर्थपूर्ण आहे. इलेक्ट्रॉनाची ऊर्जा वाढली की तो आडव्या धक्क्याला कमी दाद देतो. म्हणून यंत्राचा सुरुवातीचा, कमी ऊर्जेचा भाग सर्वात नाजूक असतो, आणि उपायही तेथूनच सुरू करायचे असतात.

उपाय

पहिला उपाय चुंबकांचा. झोताला अक्षाकडे परत ओढणारे चतुर्ध्रुवी चुंबक मूळ रचनेत विरळ होते, दर गटाच्या, म्हणजे सुमारे शंभर मीटरांच्या शेवटी. त्यांची ताकद वाढवण्यात आली आणि विशेषतः सुरुवातीच्या टप्प्यात अधिक चुंबक अधिक जवळजवळ बसवण्यात आले. केंद्रीकरण प्रबळ झाले की सूत्राचे रूपच बदलते: डोलणारा इलेक्ट्रॉन एकाच बाजूला वाहवत न जाता अक्षाभोवती पुढेमागे होऊ लागतो, धक्क्यांचा मोठा भाग परस्परांना खोडतो, आणि उरलेल्या वाढीत चुंबकांची ताकद छेदात येते.

दुसरा उपाय मला अधिक आवडतो, कारण तो थेट दुखण्याच्या मुळाशी जातो. सर्व विभागांची द्विध्रुवी वारंवारता एकच असणे हीच अडचण असेल तर ती वेगवेगळी करावी. नवीन विभाग बनवणे अर्थातच शक्य नव्हते. पण कप्प्याची तांब्याची भिंत बाहेरून दाबून तिला किंचित खळगा पाडला की त्या कप्प्याची वारंवारता वाढते, कारण बाहेरच्या भिंतीपाशी चुंबकीय क्षेत्र प्रबळ असते आणि अशा ठिकाणचे आकारमान घटवले की अनुनाद वर सरकतो. विभाग तयार होताना प्रत्येक कप्पा नेमक्या वारंवारतेवर आणण्यासाठी याच प्रकारे भिंती दाबल्या जात, त्यामुळे तंत्र हाताशी होते. आता तेच तंत्र उलट हेतूने वापरले गेले. विभाग जागेवरून न हलवता त्यांच्या सुरुवातीच्या, ४,१४० ला प्रतिसाद देणाऱ्या मोजक्या कप्प्यांना खळगे पाडण्यात आले. काही विभागांत ही वारंवारता २ मेगाहर्ट्झने तर काहींत ४ मेगाहर्ट्झने वर नेली आणि बाकीचे मूळ ठिकाणीच ठेवले.

४,१४० मध्ये २ मेगाहर्ट्झ म्हणजे दोन हजारांत एक. एवढ्याशा फरकाने काय साधणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण तुलना वारंवारतेशी करायची नसून अनुनादाच्या रुंदीशी आणि स्पंदाच्या काळाशी करायची आहे. दहा हजारांच्या गुणांकाला अनुनादाची रुंदी सुमारे ०.४ मेगाहर्ट्झ येते, म्हणजे २ मेगाहर्ट्झ हे अनुनादाबाहेर बरेच दूर आहे. आणि १.६ मायक्रोसेकंदांत २ मेगाहर्ट्झच्या फरकाने दोन आंदोलनांमध्ये तीनहून अधिक पूर्ण आवर्तनांची तफावत पडते, ४ मेगाहर्ट्झला सहाहून अधिक. एका प्रकारच्या विभागांनी झोतात भरलेले डोलणे दुसऱ्या प्रकारच्या विभागांपर्यंत पोहोचते तेव्हा त्यांच्या दृष्टीने ते कधी पुढे तर कधी मागे ढकलणारे असते. सरासरीत फारसे उरत नाही. ढोबळ मानाने, यंत्राची लांबी तीन तुकड्यांत वाटली गेल्यासारखी होते, आणि घनमुळाच्या आत असलेली ती लांबी जितकी घटली तितका प्रवाह वाढवायला मुभा मिळते. मूळ २,८५६ मेगाहर्ट्झच्या तरंगावर होणारा परिणाम सहन करण्याइतका लहान राही, कारण ८६ पैकी थोड्याच कप्प्यांना हात लावलेला होता.

चुंबक आणि खळगे या दोहोंच्या जोडीने झोतभंगाची मर्यादा रचनेतल्या ५० मिलिअँपिअरच्या पलीकडे गेली. मधल्या काळात प्रयोग अडून राहिले नव्हते. प्रोटॉनावरून इलेक्ट्रॉन विखुरण्याचे जे प्रयोग १९६७ पासून येथे झाले आणि ज्यांच्यासाठी जेरोम फ्रीडमन, हेन्री केंडॉल आणि रिचर्ड टेलर यांना १९९० चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते याच झोतावरचे.

हाच धडा दुसरीकडे किती लागू पडतो

लहान त्वरकांना या प्रकरणाची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. कर्करोगाच्या उपचारासाठी रुग्णालयांत वापरले जाणारे रेषीय त्वरक, मुंबईच्या ‘समीर’ संस्थेने विकसित केलेल्या यंत्रांसह, याच घराण्यातले आहेत. पण त्यांची त्वरण-नळी एखाद्या मीटरची किंवा त्याहून लहान असते. विभागामागून विभागात साचत जाणाऱ्या वाढीला तेथे जागाच मिळत नाही.

मोठ्या यंत्रांत मात्र प्रश्न रूप बदलून परत आला, आणि पहिल्यांदा आला तो याच नळीत. १९८० च्या दशकात स्टॅनफर्डचा त्वरक इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची टक्कर घडवण्यासाठी वापरायचे ठरले. तेथे हजारो पुंजक्यांच्या लांब स्पंदाऐवजी काही मोजकेच पुंजके पाठवायचे होते, पण एकेका पुंजक्यात, मिलिमीटरभर लांबीत, काही हजार कोटी कण कोंबायचे होते. १९६६ च्या २० मिलिअँपिअरच्या झोतात एका पुंजक्यात साडेचार कोटींच्या आसपास इलेक्ट्रॉन होते. आता त्याच्या कित्येक शे पट. पुंजक्याचे डोके चकत्यांवर जे प्रारण सोडते ते काही पिकोसेकंदांतच त्याच्याच शेपटाला गाठते. एवढ्या अल्प काळात ४,१४० आणि ४,१४४ मेगाहर्ट्झ यांत काहीच फरक पडत नाही, कारण अनुनादाची लय जुळायला किंवा बिनसायलाही वेळच मिळत नाही; सर्व प्रकारांच्या धक्क्यांची एकत्र बेरीज होते. खळग्यांचा उपाय येथे पूर्ण निरुपयोगी होता.

त्यावर जो उपाय चालला तो सोव्हिएत संघातील नोव्होसिबिर्स्कच्या बालाकिन, नोवोखात्स्की आणि स्मिर्नोव्ह यांनी १९८३ मध्ये सुचवला होता. पुंजक्याच्या शेपटाला डोक्यापेक्षा किंचित कमी ऊर्जा द्यायची, म्हणजे तेच चुंबक शेपटाला अधिक जोरात अक्षाकडे ओढतात, आणि प्रारणाच्या बाहेर ढकलणाऱ्या धक्क्याची भरपाई या जादा ओढीतून होते. डोके आणि शेपूट यांची डोलण्याची नैसर्गिक लयच अशी वेगळी पडते की एकाच्या डोलण्याने दुसऱ्याला सतत भर मिळू शकत नाही. विचाराची जात १९६६ चीच आहे: जे एका लयीत असल्यामुळे बळावते त्याची लय फोडा. फोडण्याची जागा मात्र कप्प्यातून कणांच्या पुंजक्यात गेली. १९८९ च्या एप्रिलमध्ये या यंत्रात पहिला झेड कण (दुर्बल बलाचा एक वाहक कण) नोंदवला गेला.

खळग्यांची कल्पनाही वाया गेली नाही. १९९० च्या दशकात स्टॅनफर्ड आणि जपानमधील केईके या त्वरक-प्रयोगशाळेत पुढच्या पिढीच्या रेषीय टक्कर-यंत्रासाठी उच्च वारंवारतेच्या नळ्या आखल्या गेल्या तेव्हा एका विभागातल्या दोनशेच्या आसपास कप्प्यांपैकी प्रत्येकाची द्विध्रुवी वारंवारता नकाशावरच मुद्दाम वेगळी ठेवण्यात आली, आणि त्या सर्वांचे वाटप घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे केले गेले, म्हणजे पहिल्या पुंजक्याने मागे सोडलेले आडवे क्षेत्र दुसरा पुंजका येईपर्यंत आपसांतच विस्कटून जावे. शिवाय काही रचनांत कप्प्यांच्या बाजूंना अरुंद वाटा ठेवून ती ऊर्जा बाहेर शोषकाकडे नेण्याची सोय केली गेली. मूळ त्वरण-तरंगासाठी कप्पे अचूक, नको असलेल्या प्रकारासाठी हेतुपुरस्सर विस्कळीत, अशा दोन्ही अटी एकाच तांब्याच्या तुकड्याला तेव्हा प्रथमपासून घातल्या गेल्या.